शनिवार सहाची पोच

मोबाईल फोन नक्की कशासाठी असतो, हे अख्ख्या ओउलू शहरात फक्त मला कळलं होतं. लोक म्हणायचे, फोन बोलण्यासाठी असतो. अहो, फिनलंडमध्ये? आम्ही माणसं शेजारी जिन्यात दिसला तर दाराच्या भोकाला डोळा लावून, तो खालचं दार ओढून घेईपर्यंत आतच उभी राहतो. अशा लोकांनी घरोघरी फोन घेतले ते बोलायला नव्हे. न बोलता कामं व्हावीत म्हणून घेतले!

गोष्ट दोन हजार सालची. माझे वडील लाकडाचा ट्रक चालवायचे. त्यांच्या ट्रकमधला फोन सुटकेसएवढा होता आणि त्याच्यावर ते आईशी बोलले की लाकूडतोडीच्या अर्ध्या छावणीला आमच्या घरी संध्याकाळी काय शिजतंय ते कळायचं. मग फोन खिशात आला, मग त्यात मेसेज आले, आणि आता त्यात बिनतारी इंटरनेट शिरत होतं. जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत आमची पाच जणांची कंपनी होती आणि आमचा धंदा एकच: गल्ल्यावर जे विकत मिळतं ते फोनवर मिळालं पाहिजे. शहरात एक थंड पेयांचं यंत्र होतं, त्याला फोन लावला की बाटली खाली पडायची आणि पैसे फोनच्या बिलात यायचे. मोटार धुवायचंही तसंच. मी म्हटलं, बाटली आणि मोटार झाली, आता माणूस धुवायचा.

म्हणजे सौना, आमचं वाफेचं स्नानघर. आमच्या इमारतीत चौदा बिऱ्हाडं आणि तळघरात सगळ्यांत मिळून एक सौना. प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातून एक तास, आणि कोणाचा तास कुठला, हे जिन्याजवळच्या फळ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ही पेन्सिल सोसायटीचे अध्यक्ष तेर्वोनेन यांच्या कानावर असायची. ते कस्टममधून निवृत्त झालेले, त्यामुळे दिसेल त्या माणसाकडे काहीतरी लपवून नेत असल्यासारखं बघायचे. मला आणि माझ्या बायकोला, रायलीला, सहा वर्षं मंगळवारी दुपारी चारचा तास होता. मंगळवारी दुपारी चारला सौनात कोण जातं हो? आम्ही जात होतो, ऑफिसातून धापा टाकत, एक मोजा पायात आणि एक हातात.

आणि शनिवारी संध्याकाळी सहाचा तास! तो तास म्हणजे आठवड्याची राणी. काम संपलेलं, जेवण व्हायचंय, बाहेर उजेड, पोटात पहिली बिअर. तो कोंतुरीबाईंकडे होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सिल्वी कोंतुरी, वय एकोणऐंशी, इमारत बांधली तेव्हापासून, म्हणजे अडतीस वर्षं. आमच्याकडे सौनाचा तास माणूस सोडत नाही. तो इमारत सोडून जातो किंवा जग सोडून जातो, तेव्हाच तास रिकामा होतो. कोंतुरीबाई दोन्हींतलं काहीही करायच्या विचारात दिसत नव्हत्या. जानेवारीत नदीच्या बर्फाला भोक पाडून त्यात डुंबणारी बाई ती. मी वाट बघून बघून थकलो आणि मग मला ती कल्पना सुचली.

मार्चमध्ये सोसायटीची वार्षिक सभा असते. कपडे वाळवायच्या खोलीत आम्ही सगळे एकमेकांपासून एकेक खुर्ची सोडून बसलो होतो. मी उठून सांगितलं की पेन्सिलीचा जमाना गेला. यापुढे दर रविवारी दुपारी बारा वाजता पुढच्या आठवड्याचे सगळे तास खुले होतील. ज्याला जो हवा तो त्यानं मेसेज करून मागायचा. पहिला मेसेज ज्याचा, तास त्याचा. भाड्याचे पंधरा फिनिश मार्क फोनच्या बिलात लागतील, वेळ झाली की भट्टी आपोआप तापेल. जुने सगळे हक्क रद्द, सगळे समान!

आता हे समान कसे, ते तुम्हाला म्हणून सांगतो. माझ्या अंदाजानं इमारतीत चौघांच्या वर कोणाकडे मोबाईल नव्हता. बहुतेक सगळे पेन्शनर. त्यांना फोनच्या बटणावरची अक्षरं सापडेपर्यंत मी शनिवार सहा घेऊन मोकळा होणार होतो, या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात आणि मरेपर्यंत.

 कॉफी निवत होती. तेर्वोनेन म्हणाले, पेन्सिलीला वीज लागत नाही. मी म्हटलं, अध्यक्ष, मी स्वतःपासून सुरुवात करतो. आणि भाषणाच्या भरात फळ्याकडे गेलो, तेर्वोनेन यांच्याच खोडरबरानं मंगळवार चारसमोरचं माझं नाव 'पेसोनेन' खसाखसा खोडून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरचा बसड्रायव्हर पुल्किनेन टाळी वाजवल्यासारखं काहीतरी करून थांबला.

तेवढ्यात मागून कोंतुरीबाईंचा हात वर आला. त्यांना मी पहिल्यांदाच बोलताना ऐकत होतो.

"पोच कशी देणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कसली पोच, बाई?

"मेसेज पोचल्याची. मी अडतीस वर्षं तारखात्यात होते, पेसोनेन. पलीकडून पोच आल्याशिवाय तार गेली असं आम्ही धरत नव्हतो. आणि एका तारेची पोच दोघांना देत नव्हतो."

मी खूप गोड हसलो. लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं की बाई, हे सगळं कॉम्प्युटर बघतो. मेसेज आला की तो 'तास तुमचा' असा उलट मेसेज पाठवतो आणि तो गेल्याचं फोन कंपनीनं कळवलं की तासावर कुलूप घालतो. "म्हणजे आधी देतो आणि मग कुलूप घालतो," कोंतुरीबाई म्हणाल्या आणि वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, करून बघू द्या त्याला तीन महिने. तेर्वोनेन यांनी जुन्या यादीवर एक कोरा कागद टाचणीनं लावला. ठराव मंजूर झाला आणि सगळे एकेक मिनिटाच्या अंतरानं घरी गेले, म्हणजे जिन्यात कोणी कोणाला भेटायला नको.

पुढचे दोन महिने मी तळघरात बसून यंत्र जोडलं. आधी फोनवर इंटरनेटचं पानच करणार होतो, पण ते उघडेपर्यंत कॉफी गाळून, पिऊन, कप विसळूनही व्हायचा, म्हणून साधा मेसेज ठेवला. भट्टीची उष्णता आवरणारं जुनं बटण काढून टाकलं, कारण आता कॉम्प्युटर होता. दर पोचेमागे भट्टी एक तास आधी पेटणार. चाचणीसाठी मी स्वतःच्या फोनवरून शेकडो वेळा 'शनिवार सहा' मागितला. सारखा तो तास माझ्याच नावावर अडकून बसायला लागला, तेव्हा वैतागून कॉम्प्युटरला एक ओळ लिहून दिली की या नंबरवरून काहीही आलं तरी लक्ष देऊ नकोस. ही ओळ नीट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

पहिला रविवार चौदा मे ठरला. बाराला पाच मिनिटं असताना मी खुर्चीत बसलो, मेसेज तयार, अंगठा बटणावर. रेडिओवर बाराचे ठोके पडले आणि मी दाबलं. पाठवला! कॉम्प्युटरच्या पडद्यावर शनिवार सहासमोर काहीच दिसेना. पाच मिनिटं गेली, वीस गेली. बारा चाळीसला एकदम उमटलं, 'दिला'. कोणाला दिला ते दिसत नव्हतं, कारण नाव दाखवायची सोय मी पुढच्या महिन्यात करणार होतो. पण नाव कशाला हवं? मी पहिला होतो! मी उठून स्वयंपाकघरात नाचलो.

"तुला उलट मेसेज आला का?" रायलीनं विचारलं.

"येईल गं. कुठेतरी अडकला असेल."

"मला नाही वाटत," ती म्हणाली. पण रायलीला माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल काही वाटत नसतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी माझ्या आईचा फोन आला. म्हणाली, जिवंत आहेस ना? मी म्हटलं, आहे, का? म्हणाली, आज मातृदिन होता. तेव्हा मला कळलं की मेसेज का अडकले होते. रविवारी दुपारी बारा वाजता फिनलंडमधल्या एकूण एक मुलानं आईला मेसेज केला होता, कारण फोन केला असता तर बोलावं लागलं असतं. सगळं जाळं तुंबलं होतं. एक मी सोडून सगळ्यांना दिवस आठवला होता. मी आईची माफी मागितली आणि लगेच शनिवार सहाची बातमी दिली. ती म्हणाली, बरं झालं, स्वच्छ तरी होशील.

आठवडाभर मी तरंगत होतो. मागच्या उन्हाळ्यात बांधून ठेवलेली बर्चच्या डहाळ्यांची जुडी फ्रीजरमधून काढली, पाठीवर मारून घ्यायला. सॉसेजचं मोठं पाकीट आणलं, बिअरचे दोन खोके आणले. ऑफिसात साहेबांना सांगितलं की सोमवारपासून अख्ख्या फिनलंडचे सौना आपले. शनिवारी पावणेसहाला नवा झगा घातला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा जिन्यात कोणी आहे का हे न बघता दार उघडलं.

जिन्यात पुल्किनेन होता. त्यानंही झगा घातला होता. आम्ही दोघांनी लगेच भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, याचा पाचचा तास असेल, काहीतरी विसरला असेल. त्याला माझ्याबद्दल तेच वाटलं असणार. आम्ही एकमेकांच्या मागेपुढे तळघरात उतरलो आणि बोळात जाऊन थबकलो. तिथे आणखी सात जण झगे घालून भिंतीला टेकून उभे होते.

कोणी बोलेना. दाताची डॉक्टर साल्मेला हातात शाम्पूची बाटली धरून दिव्याकडे बघत होती. चौथ्या मजल्यावरचं जोडपं आपल्या चपला न्याहाळत होतं. प्रत्येक जण वाट बघत होता की आधीच्या तासाचे हे लोक आता निघतील, सभ्य माणसं आहेत, आपण घाई कशाला करायची? मी सुद्धा सभ्यपणे वाट बघितली. सहा वाजले. सहा दहा झाले. बोळात इतकं गरम होत होतं की सौनाच्या दाराचा रंग बोटाला लागायला लागला. माझ्या पिशवीतल्या सॉसेजना घाम फुटला होता. तरी कोणी बोलेना. मला खात्री आहे, आम्ही रविवारपर्यंत तसेच उभे राहिलो असतो.

सव्वासहाला कोंतुरीबाई उतरल्या. फिकट जांभळा झगा, डोक्यावर लोकरी टोपी, एका हातात बर्चची जुडी आणि दुसऱ्या हातात माझ्यापेक्षा नवा मोबाईल. त्यांच्या मागे तेर्वोनेन, झग्यात, कानावर पेन्सिल.

"सहाचा तास माझा आहे," कोंतुरीबाई म्हणाल्या.

आणि मग बोळात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. सगळे एकदम बोलले. माझा आहे, आमचा आहे, मला मेसेज आलाय. खिशाखिशातून मोबाईल बाहेर आले, लाल, निळे, नातवंडांनी जुने म्हणून दिलेले. तेर्वोनेन यांनीसुद्धा एक काढला, तपासणीला द्यावा तसा. सहा वर्षं मी या लोकांना दाराच्या भोकातून बघत होतो, त्यांच्या खिशात काय आहे हे मला कसं कळणार?

कोंतुरीबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा फोन वाचला. बारा वाजून चार मिनिटं, बारा सहा, बारा अकरा, बारा चौतीस. सगळ्यांना तोच मेसेज: शनिवार सहाचा तास तुमचा, वाफ घ्या, मजा करा. मेसेज गेल्याची खबर फोन कंपनीकडून येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती, आणि तोपर्यंत माझा कॉम्प्युटर जो मागेल त्याला शनिवार सहा देत सुटला होता. चौदा बिऱ्हाडांतून नऊ बिऱ्हाडांनी एकच तास मागितला होता. म्हणजे अडतीस वर्षं सगळ्या इमारतीचा डोळा कोंतुरीबाईंच्या तासावर होता आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता! मला एकदम सगळ्यांबद्दल आपुलकी वाटली.

"आणि तुमची पोच?" कोंतुरीबाईंनी माझ्यापुढे हात केला.

मी फोन दिला. त्यांनी बघितला, उलटा केला, परत बघितला. त्यात काहीच नव्हतं. मी म्हटलं, बाई, मी सगळ्यांत पहिला पाठवला होता, बाराच्या ठोक्याला. त्या म्हणाल्या, पाठवला असेल, पण घेतलेला नाही. आणि त्या क्षणी मला ती ओळ आठवली. या नंबरवरून काहीही आलं तरी लक्ष देऊ नकोस. माझ्या कॉम्प्युटरनं इमारतीतल्या ज्यानं मागितला त्या प्रत्येकाला शनिवार सहा दिला होता. एक मला सोडून!

पुल्किनेननं दार उघडलं आणि लगेच लावलं. नऊ पोचा, म्हणून भट्टी नऊ तास आधी पेटली होती. आत छताच्या फळ्यांतून डिंक ठिबकत होता आणि काटा आकडे संपून पुढे गेला होता. तेर्वोनेन यांनी मुख्य बटण बंद केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या झग्यात परदेशी सिगारेटी लपवल्या आहेत. सौना निवायला तास लागणार होता. सगळे झग्यातच अंगणात जाऊन बाकांवर बसले. उजेड होता, नदीकडून गार वारा येत होता, आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मी काय करणार? सॉसेज वाटली, बिअर वाटली. साल्मेला चौथ्या मजल्याच्या जोडप्याशी बोलायला लागली. पुल्किनेन कोंतुरीबाईंना विचारत होता की तारेवर बोट इतकं भरभर कसं चालायचं, आणि त्या बाकाच्या फळीवर टकटक करून दाखवत होत्या. मी इतक्या वर्षांत अंगणात हसण्याचा आवाज ऐकला नव्हता.

मग ठरलं, आज आधी सगळ्या बायका, मग सगळे पुरुष, एकत्र. मी टॉवेल उचलला. तेर्वोनेन म्हणाले, पेसोनेन, तुमचं यंत्र पुन्हा भट्टीचे तास वाढवेल, तुम्ही बटणापाशी थांबा, हातानं चालू-बंद करा. मी कोंतुरीबाईंकडे आशेनं बघितलं.

"पोच नाही," त्या म्हणाल्या.

रायलीला मात्र त्यांनी हाताला धरून आत नेलं. मी दीड तास तळघरात विजेच्या पेटीपाशी उभा होतो. भिंतीपलीकडे दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज, मग हसणं, मग पुन्हा चर्र. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रायली लालबुंद होऊन बाहेर आली आणि म्हणाली, काय वाफ होती रे, तुझ्या यंत्राला तोड नाही.

सोमवारी तेर्वोनेन यांनी फळ्यावरचा कोरा कागद काढला. खाली जुनी यादी जशीच्या तशी होती, सगळ्यांचे तास जागच्या जागी, शनिवार सहासमोर 'कोंतुरी'. फक्त मंगळवार चारसमोर खोडरबराचा डाग होता. मी म्हटलं, अध्यक्ष, तिथे माझं नाव परत लिहा. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं आणि मंगळवार चारसमोर 'साल्मेला' लिहिलं. तिनं जादा तासासाठी दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता म्हणे, आणि मी माझा तास भर सभेत, त्यांच्याच खोडरबरानं सोडला होता. माझं नाव त्यांनी पानाच्या तळाशी लिहिलं, प्रतीक्षेतल्यांत तिसरं. आता आम्ही आंघोळ घरात, नळाखाली करतो. रायलीला पुल्किनेनची बायको अधूनमधून त्यांच्या तासाला बोलावते. मला नाही.

पण माझ्यात एक बदल झालाय. मी आता दाराच्या भोकाला डोळा लावत नाही. उलट कोंतुरीबाईंची पावलं जिन्यात वाजली की मुद्दाम दार उघडतो, गुडघे कसे आहेत, खोकला बरा का, रात्री झोप लागते ना, सगळं विचारतो. सगळी इमारत म्हणते, पेसोनेन किती सुधारला, त्या संध्याकाळनंतर माणसांत आला. मीही मान खाली घालून ऐकून घेतो.

परवा सकाळी त्या दिसल्या नाहीत. अकरापर्यंत वाट बघितली, मग काळजीनं मेसेज केला: बाई, तब्येत बरी आहे ना?

सात सेकंदांत पोच आली: ठणठणीत. रांगेत राहा. कोंतुरी.